पूर्वेकडून निघालेले

आज एकच प्रश्न घेऊन बसू या. ख्रिस्तजन्माच्या कथेतले ते ज्ञानी लोक, मराठी बायबल ज्यांना मागी म्हणतं, ते कुठले? उत्तराची घाई नको. नाताळच्या आसपासचे दिवस असतील आणि जालन्यात किंवा जिल्ह्यातल्या एखाद्या गावी असाल, तर संध्याकाळी सात-साडेसातला गच्चीवर नाहीतर अंगणात बसा. अंगावर काहीतरी पांघरा, गारठा असतो. पूर्व कुठली ते नीट पाहून घ्या. त्या वेळी मृग नक्षत्र पूर्वेलाच वर येत असतं आणि त्यातले त्रिकांडाचे तीन तारे सहज सापडतात. दक्षिण आफ्रिकेतले आफ्रिकान्स बोलणारे लोक याच ताऱ्यांना 'तीन राजे' म्हणतात. आपल्याला मात्र आधी ते 'तीन' आणि ते 'राजे' दोन्ही बाजूला ठेवायचे आहेत.

कारण मूळ मजकुरात ते नाहीत. चार शुभवर्तमानांपैकी एकटा मत्तय ही गोष्ट सांगतो, दुसऱ्या अध्यायाच्या पहिल्या बारा वचनांत. तिथे संख्या नाही. नावं नाहीत. मुकुट नाहीत, उंट नाहीत. गव्हाणीसुद्धा नाही; ती लूकच्या कथेतली, मेंढपाळांबरोबरची. मत्तय सांगतो की ते एका घरात गेले आणि तिथे त्यांना आईजवळ बाळ दिसलं. तेव्हा मनातलं चित्र हळूहळू उतरवत चला. चर्चमधल्या देखाव्यातले ते तीन पुतळे. नाताळच्या नाटुकल्यात चमकीच्या कागदाचे मुकुट घालून, बहिणीची ओढणी खांद्यावर टाकून आलेली मुलं. भेटकार्डावरचा वाळवंटातला काफिला. उतरवताना त्यांचा अनादर करायचा नाही. ज्यांनी ही चित्रं रचली, त्यांनीही हा अध्याय मन लावूनच वाचला होता. फक्त सगळं उतरवल्यावर मागे काय राहतं ते बघायचं. राहतात दोनच गोष्टी. हे लोक मागी होते, आणि ते पूर्वेकडून आले होते.

आता पहिल्या गोष्टीपाशी थोडं रेंगाळू.

मागी ही मुळातली इराणी मंडळी. ग्रीक इतिहासकार हेरोडोटस त्यांना मीड लोकांच्या सहा कुळांपैकी एक कूळ म्हणतो. इराणी माणसाला बळी अर्पण करायचा तर मागी जवळ उभा हवा आणि त्याने मंत्र म्हणायला हवा, असं त्याने लिहून ठेवलं आहे. राजाला पडलेल्या स्वप्नाचा अर्थ लावायचा तर मागीला बोलावणं जायचं. सम्राट दारियसच्या बेहिस्तूनच्या शिलालेखात गौमात नावाचा एक मागी येतो; त्याने इ.स.पूर्व 522 मध्ये गादी बळकावली, असा दारियसचा आरोप आहे. म्हणजे हे नुसते देवळातले पुजारी नव्हते. दरबारात त्यांचं वजन होतं. पुढे ग्रीक आणि रोमन लोक ज्योतिषी, मांत्रिक, कुठल्याही परदेशी गूढ विद्येचा जाणकार, सगळ्यांनाच मागी म्हणू लागले आणि त्यात आदराइतकाच संशयही मिसळला. मत्तयाचे पहिले वाचक हा शब्द ऐकून थोडे सावध झाले असणार.

या मंडळींची एक वाट आपल्याकडेही आली आहे. मुंबईच्या अग्यारीत, उदवाड्याच्या आतशबेहराममध्ये पांढऱ्या वेषात, तोंडावर पदान बांधून अग्नीला चंदन देणारे पारशी मोबेद त्याच पुरोहित परंपरेतले. दुसरी वाट त्याहून जुनी. भविष्यपुराणात कृष्णाचा मुलगा सांब कुष्ठातून बरा व्हावा म्हणून सूर्याची उपासना करतो, आणि मंदिरात पूजा करायला शाकद्वीपाहून मग नावाचे ब्राह्मण आणवतो. सहाव्या शतकात वराहमिहिराने बृहत्संहितेत कुठल्या देवाची प्रतिष्ठा कोणी करावी ते सांगताना सूर्यासाठी मगांचंच नाव घेतलं आहे. इराणच्या पठारावरचा जो पुरोहितवर्ग मत्तयाच्या कथेत पश्चिमेला चालत गेला, त्याचे भाऊबंद पूर्वेला येऊन आपल्या पुराणांत आणि पंचांगकर्त्यांच्या ग्रंथांत बसले आहेत. हे मला फार मोलाचं वाटतं. बेथलेहेमच्या कथेतलं परकं वाटणारं माणूस आपल्या घरच्या पोथीत आधीच नोंदलेलं आहे.

आता दुसरी गोष्ट, दिशा. पूर्व म्हणजे नेमकं काय? बेथलेहेमच्या पूर्वेला अरबस्तानचं वाळवंट आहे, त्यापलीकडे बाबेल, त्यापलीकडे पार्थियन साम्राज्य. दुसऱ्या शतकातल्या जस्टिन या ख्रिस्ती आचार्याने त्यांना अरबस्तानातले म्हटलं, कारण सोनं आणि सुगंधी डिंक तिकडचे. अलेक्झांड्रियाच्या क्लेमेंटने पर्शिया म्हटलं. ताऱ्यांच्या गणिताचा मान बघितला तर बाबेलचं नाव पुढे येतं. माझा कल इराणी जगाकडे आहे, आणि त्याचं कारण राजकारणात आहे. त्या काळी पार्थिया हे रोमचं शत्रुराज्य. हेरोद हा रोमच्या मर्जीवर गादी टिकवलेला राजा. त्याला एकदा पार्थियन फौजेपुढे यरुशलेम सोडून पळावं लागलं होतं. त्याच्या दारात त्याच दिशेची माणसं उभी राहतात आणि विचारतात, नवा राजा कुठे जन्मला? हेरोद घाबरला आणि सगळं यरुशलेम त्याच्याबरोबर घाबरलं, हे मत्तय का सांगतो ते मग लख्ख कळतं. इ.स. 66 मध्ये आर्मेनियाचा राजा तिरिदात मागी घेऊन रोमला गेला, नीरोपुढे वाकला आणि परतताना वेगळ्या मार्गाने गेला, असं रोमन इतिहासकार सांगतात. मत्तयाच्या वाचकांच्या कानावर ती मिरवणूक आलेली असणं अगदी शक्य आहे.

ताऱ्याचा शोध आज नको. इ.स.पूर्व 7 मध्ये गुरू आणि शनी मीन राशीत तीनदा जवळ आले होते, खगोलशास्त्रज्ञ केप्लरने त्याची आकडेमोड केली होती, एवढं माहीत असलं की पुरे. तारा त्यांना दिसला. आपण माणसांकडे पाहू.

मत्तयाने दिशा मोघम ठेवली, आणि त्या मोकळ्या जागेत जगाने आपापली माणसं बसवली. भेटी तीन, म्हणून माणसं तीन ठरली. सिरियाच्या चर्चपरंपरेत मात्र ती बारा आहेत. स्तोत्रसंहिता आणि यशया वाचून लोकांनी त्यांना राजे केलं. इटलीत राव्हेन्नाच्या सहाव्या शतकातल्या कुट्टिमचित्रात ते इराणी टोप्या आणि तंग विजारी घालून लगबगीने चालले आहेत. बेथलेहेमच्या चर्चबद्दल एक जुनी आख्यायिका आहे: 614 मध्ये पर्शियन फौज चर्चं पाडत आली, पण दर्शनी भागावरच्या चित्रात आपल्याच वेषातले मागी पाहून तिने हात आवरला. मार्को पोलोला इराणात सावे इथे तिघांच्या कबरी दाखवल्या गेल्या. त्यांचे म्हणून मानलेले अवशेष 1164 मध्ये मिलानहून कोलोनला गेले आणि तिथल्या कॅथीड्रलमध्ये सोन्याने मढवलेल्या पेटीत आहेत. आणि तिघांपैकी एकाला परंपरेने दिलेलं गास्पार हे नाव तर थेट आपल्या बाजूचं असावं, असं अनेक अभ्यासक मानतात. पहिल्या शतकात तक्षशिलेकडे राज्य करणारा गोंदोफारेस, ज्याच्या दरबारी संत थॉमस आल्याची कथा आहे, त्याचं नाव घासत घासत गास्पार झालं असावं.

गोव्यात वेरेंला मांडवीच्या काठी रेइस मागुशचं चर्च 1555 पासून उभं आहे, या राजांच्याच नावाने. 6 जानेवारीला तिथे गावची तीन मुलं राजे होऊन घोड्यावर बसतात. दक्षिणेला कासावलीजवळ कुएलीच्या टेकडीवर तीन गावांतून तीन मुलं तीन वाटांनी वर चढतात आणि कपेलापाशी भेटतात. त्या मुलांपैकी कोणीही कुठल्या परदेशातून येत नाही. शेजारच्या वाड्यावरून येतं. मला हे दृश्य कथेच्या फार जवळचं वाटतं. ज्ञानी माणूस कुठून आला, याचं उत्तर गोव्याच्या गावकऱ्यांनी देऊन टाकलं आहे: आमच्यातून.

आता पुन्हा आपल्या जागेवर या. जालन्यात.

इथे बसून हा अध्याय वाचताना एक गोष्ट उलटी होते, आणि आजच्या मननाचा गाभा मला तिथेच दिसतो. युरोपातला वाचक बेथलेहेममध्ये उभा असतो आणि दूरवरून कोणी येताना पाहतो. आपण जिथे बसलो आहोत, तीच पूर्व. बेथलेहेम आपल्या पश्चिमेला आहे. ही कथा आपल्याला येणाऱ्यांची नाही, निघणाऱ्यांची वाटायला हवी. ते लोक जालन्याचे होते असं मी म्हणत नाही, नव्हतेच. पण ज्या बाजूने ते आले ती बाजू आपली आहे, आणि ही बाजू त्या काळी पश्चिमेला अनोळखी नव्हती.

भोकरदन घ्या. केळणा नदीकाठचं तालुक्याचं गाव, एसटी स्टँड, कापसाचे ट्रॅक्टर. याचं जुनं नाव भोगवर्धन. सांची आणि भरहुतच्या स्तूपांवर दान देणाऱ्यांच्या यादीत भोगवर्धनची माणसं आहेत. 1973 मध्ये नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठांनी मिळून इथे उत्खनन केलं. सातवाहन काळातलं भरभराटीचं व्यापारी गाव मातीखालून वर आलं, आणि त्यात हस्तिदंतात कोरलेली एक स्त्रीमूर्तीही होती. तशीच एक मूर्ती 1938 मध्ये इटलीत पाँपेईला सापडली होती, ज्वालामुखीच्या राखेखाली, म्हणजे इ.स. 79 च्या आधी तिकडे पोचलेली. आज ती नेपल्सच्या संग्रहालयात आहे. जेमतेम वीतभर उंचीची बाई, मनगटापासून वर चढत गेलेली कांकणं, पोटऱ्यांपर्यंत जाड वाळे, एक हात मागे वेणीकडे वळलेला, आणि दोन्ही बाजूंना कमरेएवढ्या दोन दासी शृंगाराचं साहित्य घेऊन उभ्या. भोकरदनच्या मूर्तीशी तिचं साम्य इतकं आहे की ती याच भागातल्या कारागिरांच्या हातची असावी, असं काही अभ्यासकांनी मांडलं.

ते दोन हात डोळ्यांपुढे आणा. केळणेकाठी बसून हस्तिदंत कोरणारा कोणी एक, आणि नेपल्सच्या उपसागरापाशी तीच गोष्ट घरात मांडणारा दुसरा. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशाच्या प्रवासपोथीत पैठण आणि तेरचा माल गाड्यांमधून, वाट नसलेल्या मुलखातून भडोच बंदराला जातो असं लिहिलं आहे. त्याच पोथीत सिंधूच्या मुखावरच्या बंदरात बाहेरून ऊद उतरतो. येशूचा जन्म आणि या गाड्यांची ये-जा एकाच काळातली. बैलांच्या घंटा वाजत होत्या. माणसं इथून निघत होती.

निघणं. या एका क्रियेवर आता थांबा, जितका वेळ वाटेल तितका. मत्तय मागी लोकांचं पोचणं सांगतो, निघणं सांगत नाही. निघताना घरच्यांनी काय म्हटलं? शेतीवाडी, अग्निशाळा, शिष्य कोणाच्या हवाली केले? एखाद्याची आई म्हातारी असेल. एखाद्याचं मूल तापाने फणफणलं असेल. त्यांच्यापैकी कोणी निघायचं ठरवून ऐन वेळी मागे राहिला असेल काय? कथेत त्याचं नाव नाही, पण पोचलेल्यांचंही नाही.

निघण्याची एक गोष्ट या जिल्ह्याला पाठ आहे. घनसावंगी तालुक्यातल्या जांबेत 1608 मध्ये रामनवमीला सूर्याजीपंत ठोसरांच्या घरी नारायण जन्मला. सूर्याजीपंत सूर्योपासक. मुलगा बारा वर्षांचा झाला, लग्न ठरलं, बोहल्यावर अंतरपाट धरला, आणि मंगलाष्टकांत 'सावधान' ऐकताच तो मांडवातून निघून गेला, असं परंपरा सांगते. गोदावरीच्या कडेने वरच्या अंगाला, पश्चिमेला, नाशिकजवळच्या टाकळीपर्यंत. पुढे तो समर्थ रामदास झाला हे सगळ्यांना माहीत असतं. माझं मन मात्र मांडवात घुटमळतं. अंतरपाटाच्या पलीकडे एक मुलगी उभी होती. नारायणाची आई राणूबाई तिथेच होत्या. जो तारा निघणाऱ्याला दिसतो, तो मांडवातल्या बाकीच्यांना दिसत नाही, आणि त्यांचं दुःख खोटं नसतं. मागी लोकांच्या घरीही अशी एक राणूबाई असणार. तिच्यासाठी क्षणभर शांत बसा.

आता कथेतला मला सगळ्यात अस्वस्थ करणारा भाग. मागी यरुशलेमला येतात, कारण त्यांना पत्ता माहीत नाही. तारा दिसला, पण गाव कळलं नाही. हेरोद याजक आणि शास्त्री गोळा करतो. ते लगेच उत्तर देतात: बेथलेहेम. संदेष्ट्याचं वचन त्यांना तोंडपाठ आहे. यरुशलेमहून बेथलेहेम नऊ-दहा किलोमीटर, सकाळी निघालं तर दुपारच्या जेवणाआधी पोचावं इतकं. त्यांतला एकही जात नाही. ज्यांना पत्ता ठाऊक होता ते बसून राहिले, आणि ज्यांना नव्हता ते देश ओलांडून आले. शास्त्री वाईट होते असं मत्तय म्हणत नाही. त्यांनी खरं तेच सांगितलं. त्यांच्याच उत्तरावर मागी पुढे गेले. तुम्हाला काय ठाऊक आहे, आणि त्यापैकी कशासाठी तुम्ही उठून चालू लागाल, हे इथे स्वतःला विचारून पाहा. उत्तर मोठ्याने द्यायची गरज नाही.

माहीत असणं आणि जाणं यांच्यामधलं अंतर जालन्याच्या मातीत आणखी एका जागी दिसतं. 1580 मध्ये गोव्याहून जेझुइट पाद्री फत्तेपूर सिक्रीला अकबराच्या दरबारी पोचले. दरबारातला इतिहासकार बदाउनी लिहितो की बादशहाने शाहजादा मुराद याला त्यांच्याकडून ख्रिस्ती धर्माचे थोडे धडे घ्यायला लावलं आणि शुभवर्तमानाच्या भाषांतराचं काम अबुल फझलकडे दिलं. मुराद तेव्हा दहा वर्षांचा होता. त्याच सुमारास नवसारीचे पारशी दस्तूर मेहेरजी राणाही अकबराला भेटले होते, म्हणजे खऱ्या अर्थाने मागी परंपरेतला माणूस आणि मागींची गोष्ट सांगणारे पाद्री एकाच दरबारात बसून गेले. एकोणीस वर्षांनी, मे 1599 मध्ये, दख्खनच्या मोहिमेवर असलेला मुराद पूर्णेच्या काठी छावणीत, दारूने खंगून मेला. जहांगीर आपल्या आठवणींत ती जागा जालनापूरच्या जवळची सांगतो. आणि मुरादला परत न्यायला बादशहाने पाठवलेला माणूस नेमका तेव्हाच छावणीत पोचला. तो होता अबुल फझल. दरबारातून दूर असताना अबुल फझलने जालन्यात मुक्काम केल्याचंही जुनी गॅझेटियरं सांगतात.

जाफराबाद, भोकरदन, मंठा या तालुक्यांच्या अंगाने पूर्णा वाहते. तिच्या काठी तो तंबू उभा करा. आत तिशीही न गाठलेला शाहजादा, ज्याने लहानपणी क्रूसाची खूण करायला शिकून घेतली असेल. बाहेर घोड्यावरून उतरणारा विद्वान. दोघांनाही ही कथा माहीत असण्याचा संभव आहे. मी त्यातून काही काढत नाही. फक्त ते दोघं तिथे होते हे मनात राहू द्या.

आता भेटी. सोनं, ऊद आणि गंधरस. चर्चमध्ये यांचा अर्थ पिढ्यान् पिढ्या असा सांगतात: सोनं राजाला, ऊद देवाला, गंधरस मरणाला, कारण मृताला त्याने माखत. हा अर्थ मोठा आहे आणि मी तो सोडत नाही. पण मराठी घरात हा अध्याय वाचला की माझ्या मनात आधी वेगळीच खोली उघडते. गंधरस म्हणजे आपल्याकडचा हिराबोळ. कुठल्याही तालुक्याच्या गावी काष्ठौषधीच्या दुकानात तो अजून मिळतो. तांबूस, खडबडीत, बोटांत चोळला तर किंचित तेलकट, जिभेला कडू. तो कोणासाठी न्यायचा? बाळंतिणीसाठी. आजी तो उगाळायची, गुळात घोळवून द्यायची. गुग्गुळ हा त्याचाच भाऊबंद. आणि ऊद? बाळाला न्हाऊ घालून झालं की शेगडीतल्या निखाऱ्यावर ओवा, वावडिंग, ऊद टाकून धुरी देतात. टोपलीवर पंचा पसरून बाळाचं डोकं त्या उबेवर धरतात. केस सुकतात, खोली वासाने भरते, बाळ झोपतं. उदाचं झाड अरबस्तानातलं, पण त्याच्याच जातीची सालई महाराष्ट्राच्या कोरड्या डोंगरांवर उगवते.

म्हणून ते घर बघा, मत्तयाने सांगितलेलं. गव्हाणी नाही, घर. कोवळी ओली बाळंतीण, परगावी, माहेर लांब. तिच्याजवळ उगाळून द्यायला सासू नाही, शेगडी पेटवायला आई नाही. दारात परक्या भाषेतली, प्रवासाने मळलेली माणसं येतात, आणि त्यांच्या हातात नेमका बाळंतघराचा जिन्नस असतो. त्यांना ते कळलं होतं की नाही, कोण जाणे. मरीयेला कळलं असेल. ती धुरी तिथे दिली गेली, असं मी मनाशी धरून चालते. जालन्याबद्दल म्हणतात, 'जालना सोने का पालना', आणि व्यापारी गावाला ती म्हण शोभतेही. त्या घरातल्या पाळण्याला सोनं नव्हतं. सोनं बाहेरून आलं, आणि लवकरच मिसरच्या वाटखर्चाला लागलं असावं.

आता शेवटचं वचन. स्वप्नात सूचना मिळाल्यामुळे हेरोदाकडे न जाता ते दुसऱ्या वाटेने आपल्या देशी परत गेले. पुढे काय, मत्तय सांगत नाही. घरी पोचल्यावर त्यांना घरात घेतलं का? परक्या राजाच्या पाया पडून आलेला पुरोहित अग्निशाळेत पुन्हा चालला का?

या प्रश्नाला जालन्याजवळ एक खरं आयुष्य चिकटलेलं आहे. नारायण शेषाद्री, ब्राह्मण घरातला तरुण, 1843 मध्ये मुंबईत स्कॉटिश मिशनमध्ये ख्रिस्ती झाला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत पोरसवदा होता, तोही मिशनमध्ये जाऊन राहिला. वडील कोर्टात गेले आणि श्रीपत त्यांच्या ताब्यात मिळाला. पण जातीत परत घ्यायचं तर प्रायश्चित्त हवं, आणि ते द्यायचं की नाही यावरून मुंबईत रान पेटलं. बाळशास्त्री जांभेकरांनी त्या मुलाची बाजू घेतली, शुद्धी व्हावी म्हणून खटपट केली आणि सनातनी मंडळींचा रोष ओढवून घेतला. त्याच्या चार वर्षं आधी, 1839 मध्ये, धनजीभाई नौरोजी या पारशी तरुणाच्या बाप्तिस्म्यावरून असंच वादळ उठलं होतं. मागींच्याच लोकांतला एक जण त्याच बाळाकडे गेला होता आणि घर त्याला बंद झालं होतं. दोन भावांपैकी एकाला परत येता आलं, तेही झुंजून. दुसऱ्याने परतीची वाटच वेगळी धरली.

नारायण शेषाद्री पुढे पाळक झाले आणि 1860 च्या दशकात निजामाच्या राज्यात, जालन्याला आले. त्यांच्या मंडळीत आली ती बहुतेक गावकुसाबाहेरची माणसं, ज्यांना विहिरीला हात लावू दिला जात नव्हता. हैदराबादचे दिवाण सालारजंग यांच्याकडून जमीन मिळाली आणि तिच्यावर बेथेल नावाचं गाव वसलं. चर्च, शाळा, घरं, शेतं. 1873 मध्ये न्यूयॉर्कला जगभरच्या प्रॉटेस्टंट मंडळींची परिषद भरली तेव्हा हे गृहस्थ तिथे व्यासपीठावर होते, डोक्याला पागोटं तसंच ठेवून. समोर बसलेल्या अमेरिकनांनी लहानपणापासून वाचलं होतं की पूर्वेकडून ज्ञानी आले. या वेळी पूर्वेकडून आलेला माणूस बाळाचा पत्ता विचारत नव्हता. तो जालन्यातल्या आपल्या लोकांबद्दल बोलत होता.

आपल्या देशी परत जाणं म्हणजे काय, हे त्यांच्या आयुष्याकडे बघून विचारा. जन्मघर बंद झालेलं. जालना काही त्यांचं माहेर नव्हतं. तरी परतीची वाट तिथे येऊन थांबली, जिथे कोणाच्याही नावावर जमीन नव्हती अशी माणसं होती. आजही या जिल्ह्यातून दसरा-दिवाळी उरकली की ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिमेला निघतात, कोयता, भांडी, तान्ही पोरं घेऊन, आणि नाताळ त्यांचा कारखान्याच्या थळावर पाचटाच्या कोपीत जातो, ख्रिस्ती घरांचाही. त्यांतल्या एखाद्या कोपीत बाळंतीण असते. मागी कुठून आले हे विचारत बसलेल्या आपल्याला, तिच्या दारी हिराबोळ आणि ऊद घेऊन कोण निघेल, हाही प्रश्न त्याच अध्यायातून येतो. यंदाची टोळी कुठल्या कारखान्याला गेली आहे, ते गावात मुकादमाला विचारलं तर कळतं.